गहू चालत नाही, मग बाहेर खायचं काय? तवा, कढई, हिंग आणि उपवासाची युक्ती

नेहमीप्रमाणे या भागाचं हे लेखी रूप. एसटीत रेंज गेली, हेडफोन घरी राहिला किंवा नंतर एखादी गोष्ट पटकन शोधायची असेल, तर हे पान सेव्ह करून ठेवा. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कमी केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय घरातूनच आला. आमच्या धाकटीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे तिचं आतडं खराब होतं. निदान व्हायला चारेक वर्षं गेली. तोवर सगळे म्हणायचे, "पोट नाजूक आहे पोरीचं." हिमोग्लोबिन सातावर, लोहाच्या गोळ्या चालू, तरी आकडा वर सरकत नव्हता. शेवटी गहू बंद केला आणि सहा महिन्यांत पोरीचा चेहराच बदलला.

घरी सगळं नीट बसलं. प्रश्न आला बाहेर. मागच्या वर्षी तुळजापूरला दर्शन झालं, संध्याकाळी धाराशिवच्या गाडीची वाट बघत होतो. भूक लागलेली. समोर चायनीजची गाडी. वडापाव नको, समोसा नको, नूडल्स नको, इतकं आम्हाला कळत होतं. मीच म्हणालो, "अगं, फ्राइड राईस घे की. भातच तर आहे!" रात्री अकरापासून पोटात कळा, उलट्या, पुढचे दोन दिवस अंथरुणात. भातानं केलं नव्हतं. भातात पडलेल्या सोया सॉसनं आणि आधी नूडल्स परतलेल्या कढईनं केलं होतं.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली, आणि आजच्या भागाचा मुद्दाही तोच. "काय खायचं" ही यादी पाठ करून भागत नाही. ते कोणत्या तेलात, कोणत्या तव्यावर आणि कोणत्या हातानं बनलं, हे विचारावं लागतं.

ग्लुटेन म्हणजे नेमकं काय?

कणीक मळली की ती रबरासारखी ताणते ना? ती चिकटाई ज्या प्रथिनांमुळे येते ती म्हणजे ग्लुटेन. ते गव्हात असतं, जवात म्हणजे बार्लीत असतं आणि राय नावाच्या धान्यात असतं. ज्वारीच्या पिठात ते नसतं. म्हणून तर भाकरी थापावी लागते, चपातीसारखी सरसर लाटता येत नाही.

म्हणजे बंद काय? कणीक, मैदा, रवा, दलिया, लापशी, शेवया, पाव, खारी, टोस्ट, बिस्किटं. सातूचं पीठ बंद, कारण त्यात जव किंवा गहू असतो. आणि एक खास सूचना: खपली गहूसुद्धा बंद. हल्ली "खपली पचायला हलका, चालतो" असं बरेच जण सांगतात. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सिलिअ‍ॅकवाल्यांना तो अजिबात चालत नाही.

चालतं काय? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, बेसन, दूध, दही, अंडी, मटण, भाज्या, फळं, शेंगदाणे. आपल्या जिल्ह्याचं रोजचं जेवण बघितलं तर अर्ध्याहून जास्त ताट चालणारंच आहे. अडचण येते ती घराबाहेर.

सिलिअ‍ॅकमध्ये होतं असं, की ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग कितीही खा, अंगी लागत नाही. जुलाब, पोटफुगी, रक्त कमी, वजन न वाढणं, मुलांची उंची खुंटणं, हाडं कच्ची होणं, असं काहीही दिसू शकतं. काहींना पोटाचा त्रासच नसतो, फक्त थकवा आणि रक्त कमी.

हे गव्हामुळे होतं हे कळायला जगाला बराच वेळ लागला. विलेम-कारेल डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना आधीपासून गव्हावर संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. ब्रेड मिळेना. बाकीची माणसं खंगत होती, पण हा आजार असलेली मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. डिकेंचा संशय त्यामुळे पक्का झाला.

भारतात किती जणांना? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर भारतात साधारण १०० माणसांत १ आणि दक्षिणेत साधारण १००० मध्ये १ असं प्रमाण दिसलं. मराठवाडा भूगोलानं आणि ताटानंही मधला. आजोबांच्या ताटात तिन्ही त्रिकाळ ज्वारी होती, आपल्या ताटात चपाती, पाव आणि नूडल्स आलेत. त्यामुळे "आपल्याकडे असलं काही नसतं" असं समजून सोडून देऊ नका.

आधी तपासणी, मग गहू बंद

हे अधोरेखित करून ठेवा. नेटवर बघून स्वतःच गहू सोडू नका. रक्तात टीटीजी-आयजीए नावाची तपासणी असते, आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बघतात. गहू सोडून काही महिने झाले असतील तर या तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. म्हणजे आजार असून कागदावर नाही असं येतं. आधी डॉक्टर, मग तपासणी, मग पथ्य.

सख्ख्या नात्यात एकाला असेल तर बाकीच्यांना असण्याची शक्यता १० पैकी १ पर्यंत असते. आमच्या घरी धाकटीनंतर आम्ही सगळ्यांनी तपासून घेतलं.

आणि दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करू नका. गव्हाची अ‍ॅलर्जी वेगळी. त्यात काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. ती तातडीची वेळ असते, लगेच १०८ ला फोन. सिलिअ‍ॅकचा त्रास सहसा काही तासांनी सुरू होतो आणि आतलं नुकसान सावकाश होतं.

"एवढ्याशानं काय होतंय?"

हे वाक्य प्रत्येक गाड्यावर ऐकायला मिळतं. प्रेमानं म्हणतात, पण हिशोब करून बघू.

सिलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलीग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं, आणि रोज ५० मिलीग्रॅम गेलं तर आतडं पुन्हा बिघडायला लागतं, असं अभ्यासांतून दिसलंय. आता १ ग्रॅम कणकेत साधारण ८० ते १०० मिलीग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे दिवसाची मर्यादा गाठायला ग्रॅमचा आठवा-दहावा भाग पुरतो. चिमूटभर पिठाचाही एक कोपरा! चपाती लाटताना पोळपाटावर जेवढं पीठ सांडून राहतं, तेवढ्यात काम होतं.

म्हणून पाव बाजूला काढून वडा खाल्ला, फारसाणातली मैद्याची पापडी वेचून टाकली, असं चालत नाही. आणि तळल्यानं किंवा भाजल्यानं ग्लुटेन मरत नाही. ते काही जंतू नाही. तेल उकळतं असलं तरी त्यात समोशाचे कण तरंगत असतात. अमेरिकेत २०२१ मध्ये एका छोट्या अभ्यासात, गव्हाचे पदार्थ तळलेल्या तेलातच काढलेल्या बटाट्याच्या फ्राइजच्या २० ऑर्डरी तपासल्या. त्यातली प्रत्येक चौथी ऑर्डर ग्लुटेन-फ्रीच्या मर्यादेबाहेर निघाली. बटाटा निर्दोष, तेल दोषी.

गाड्यागाड्यावर काय बघायचं

आता आपल्या रोजच्या ठिकाणांवर येऊ. धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा, कुठंही स्टँडबाहेर साधारण हेच दिसतं.

वडापाव आणि भजी: बेसन चालतं. पण त्याच कढईत समोसा आणि कचोरी तळली जाते. काही जण भजी कुरकुरीत व्हावी म्हणून पिठात रवा किंवा मैदाही टाकतात. फक्त भजीच तळणारा गाडा असेल तरच विचार करायचा, आणि तेही विचारून. "सकाळी पहिल्या घाण्याचं घेऊ" हा उपाय वाटतो, पण तेल बऱ्याचदा कालचंच असतं.

पावभाजी: भाजीत बटाटा, टोमॅटो, वाटाणा. सगळं चालणारं. पण भाजी ज्या तव्यावर घोटतात त्याच तव्यावर पाव लोण्यात घोळवून भाजतात. पावाचा चुरा भाजीत जातोच. नको.

अंडा भुर्जी: तीच गोष्ट, पावाचा तवा. त्याऐवजी उकडलेली अंडी मागा, कवचासकट, आणि स्वतः सोला. यापेक्षा सुरक्षित गाडीवरचा पदार्थ सापडणं अवघड.

मिसळ: उसळ चालते, वरच्या फारसाणात मैदा असतो. रश्श्याला दाटपणा कशाचा, तेही विचारा.

चायनीज: इथं विचारतही बसू नका. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, मंचुरियनमध्ये मैदा असतो, आणि कढई एकच. आमचं उदाहरण वर सांगितलंच.

इडली-डोसा: तांदळाची वाफवलेली इडली चांगली. "इडली तांदळाची का रव्याची?" एवढं विचारा. गव्हाच्या रव्याची झटपट इडलीही असते. डोशाच्या तव्यावर रवा डोसा किंवा पराठा होत असेल तर डोसा सोडा. सांबारातल्या हिंगाबद्दल पुढं सांगतो.

पोहे आणि सुशीला: पोहे तांदळाचे, सुशीला चुरमुऱ्याची, म्हणजे दोन्ही मुळात चालतात. मराठवाड्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी: चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले की झाली सुशीला! पण शेजारच्या पातेल्यात उपमा असतो, तो रव्याचा. आणि दोन्ही पातेल्यांत एकच डाव फिरतो. "डाव वेगळा घ्या मामा" म्हणायला लाजू नका.

भेळ आणि पाणीपुरी: पुरी रव्याची किंवा मैद्याची, फारसाण मिश्र. नकोच. त्याऐवजी भाजलेलं कणीस, उकडलेल्या शेंगा, खारे शेंगदाणे, फुटाणे, फळं, ताक.

गोड: आपल्या जिल्ह्याला खव्याचा अभिमान. नुसत्या खव्याचा आणि साखरेचा पेढा चालतो. कुंथलगिरीचा पेढा आणायला हरकत नाही, फक्त दुकानदाराला "खवा आणि साखरेशिवाय काही घालता का" विचारा. गुलाबजाम मात्र नाही. खवा बांधायला त्यात मैदा किंवा रवा घालतात. जिलबी, बालुशाही, आइस्क्रीमचा कोन, तिन्ही मैद्याचे. आइस्क्रीम कपात घ्या.

पेयं: चहा, लस्सी, उसाचा रस, लिंबू सरबत ठीक. माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरी नकोत, कारण माल्ट जवाचं असतं. बिअरही जवाचीच.

हिंग, येसर, मेतकूट: न दिसणारा गहू

शुद्ध हिंग फार उग्र असतो. म्हणून बाजारातल्या डबीत तो डिंकात आणि पिठात मिसळून देतात. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीच्या मागं लिहिलेलं असतं, वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. सांबाराच्या मोठ्या पातेल्यात चमचाभर हिंग पडला तर एका वाटीत येणारा गहू अगदी थोडा असेल. पण सकाळी सांबार, दुपारी आमटी, संध्याकाळी वड्याचं सारण, असं करत दिवसाचे ते १० मिलीग्रॅम भरत जातात. त्यामुळे घरचा हिंग बदलाच, आणि बाहेर शक्य तिथं टाळा.

आणि आपली खास मराठवाड्याची गोष्ट, येसर! येसर आमटी म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, पण येसर करताना डाळींबरोबर गहूही भाजून दळतात. मेतकुटातही गहू असतो. धाब्यावर काळ्या रश्श्याला येसर लावलंय का, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

भाकरी म्हणजे सुरक्षित? थांबा जरा

सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग, उमरगा, किंवा धाराशिवहून येरमाळ्याकडं जाताना धाबे रांगेनं. तिथं ज्वारीची भाकरी मिळते आणि आपल्याला वाटतं, सुटलो! बऱ्याच अंशी खरं आहे, पण तीन ठिकाणी घोटाळा होतो.

एक, गिरणी. गावातल्या गिरणीत गव्हाचं दळण झालं की त्याच दगडांतून ज्वारी जाते. मधल्या फटींत आणि वरच्या टोपल्यात गहू अडकलेला असतो. घरच्या दळणाचं म्हणाल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. तेवढी ऐपत नसेल तर गिरणीवाल्या काकांना ज्वारी, बाजरी किंवा तांदळाच्या दळणानंतरच आपला नंबर लावायला सांगा, आणि सुरुवातीचं पीठ घरच्या बाकी मंडळींसाठी वेगळं काढा. यानं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

दोन, परात आणि तवा. चपात्या करून झालेल्या परातीत भाकरीचं पीठ मळलं, त्याच तव्यावर टाकलं, की झालं. काही ठिकाणी भाकरी तुटू नये म्हणून पिठात थोडी कणीकही मिसळतात. सरळ विचारा, "मावशी, नुसती ज्वारीच आहे ना?"

तीन, तंदूर. तंदुरी चिकनला पीठ लावत नसतील, पण त्याच भट्टीत रोट्या लागतात आणि पिठाचा धुरळा उडत असतो. त्यापेक्षा रस्सा, भात, दही, कांदा, अंडी बरी.

लांबच्या प्रवासाला धाकटी काय नेते सांगू? सोलापूरकडची कडक भाकरी आणि शेंगा चटणी. आठवडाभर टिकते, बॅगेत मोडली तरी चालते. पाकिटावरचे घटक वाचून ज्वारीची किंवा बाजरीची घ्यायची. सोबत दही मिळालं की जेवण झालं.

उपवासाची युक्ती

आता आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट. गाड्यावर जाऊन "ग्लुटेन-फ्री आहे का?" विचारलं तर समोरचा गोंधळतो. काही वेळा मान डोलावून "हो हो, आहे" म्हणतो, आणि ते जास्त धोक्याचं.

पण एक नियम आपल्याकडं प्रत्येक स्वयंपाक करणाऱ्याला पाठ असतो. उपवासाचं वेगळं ठेवायचं! उपवासाला गहू चालत नाही, हिंग सहसा टाकत नाहीत, तेल वेगळं, भांडं वेगळं, डाव वेगळा. त्याला ग्लुटेन माहीत नसेल, पण उपवासाच्या साबुदाणा वड्याला समोशाचं तेल लागलं तर गिऱ्हाईक चिडतं हे त्याला नक्की माहीत असतं. म्हणजे आपल्याला हवी ती शिस्त गावात आधीपासून आहे, फक्त नाव वेगळं.

साबुदाणा खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, बटाट्याची उपवासाची भाजी, रताळं. हे सगळं मुळातच गव्हाशिवायचं. तुळजापुरात शारदीय नवरात्रात आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रात फराळाचे गाडे लागतात. एरवी चतुर्थीला, एकादशीला, गुरुवारी, शनिवारीही फराळाचं मिळतंच.

पण इथंही डोळे उघडे ठेवा. "फराळी" लिहिलं म्हणजे कढई वेगळी असतेच असं नाही, समोर उभं राहून बघा. राजगिरा किंवा शिंगाड्याचं सुटं पीठ त्याच गिरणीतून आलेलं असू शकतं, त्यामुळे पिठाच्या पुरी-थालीपिठापेक्षा खिचडी आणि अख्खी भगर बरी. आणि सगळ्यांसाठीच एक सूचना: नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात येतात. बुरशी लागलेली भगर किंवा तिचं सुटं पीठ हे त्यामागचं कारण असतं. सुट्या पिठाऐवजी पाकीटबंद, ताजी भगर बघा.

आणि एक प्रामाणिक सल्ला. "माझा उपवास आहे" असं खोटं सांगू नका. "उपवासाला जसं वेगळं करता तसं करून द्या, मला गव्हानं त्रास होतो" असं खरं सांगा. कारण खोटं सांगितलं आणि त्यानं उपवासाला चालणारा पण आपल्याला न चालणारा एखादा पदार्थ पुढं केला, तर अडचण आपलीच.

मोठ्या शहरात, मोठ्या ब्रँडमध्ये

कॉलेजसाठी सोलापूर, लातूर, पुण्याला गेलेल्यांसाठी. भारतात फूड लेबलिंगचे २०२० चे नियम आहेत. त्यानुसार १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेल साखळ्यांनी पदार्थातल्या अ‍ॅलर्जनची माहिती ग्राहकाला द्यायची असते, आणि त्या यादीत ग्लुटेनवाली धान्यं आहेत. काउंटरवर "अ‍ॅलर्जन चार्ट दाखवा" म्हणा, किंवा त्यांच्या साइटवर बघा. हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

चार्ट बघितल्यावर दुसरा प्रश्न: "फ्राइज वेगळ्या फ्रायरमध्ये तळता का?" बन काढून बर्गर खाणं हा उपाय नाही, आतल्या पॅटीला ब्रेडचा चुरा लावलेला असतो. आणि बटाट्यावर डोळे झाकून विश्वास नको. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सनं २००६ मध्ये जाहीर केलं होतं, की तिथल्या फ्राइजच्या फ्लेवरमध्ये गव्हापासून आणि दुधापासून आलेले घटक आहेत. इथली रेसिपी वेगळी असू शकते, म्हणून तर इथलाच चार्ट बघायचा.

पाकिटांबद्दल: "ग्लुटेन-फ्री" लिहायचं तर भारतात ग्लुटेन किलोमागं २० मिलीग्रॅमच्या आत असावं लागतं. मागच्या बाजूला "Contains" च्या ओळीत गहू किंवा ग्लुटेन आहे का बघा. पुढं मोठ्या अक्षरात "ज्वारी बिस्किट", "नाचणी कुकीज", "मल्टिग्रेन" असतं आणि मागं बारीक अक्षरात पहिलाच घटक मैदा असतो! पुढची बाजू जाहिरात, मागची बाजू माहिती.

फोनमध्ये ठेवायचा मजकूर

धाकटीनं हा मजकूर फोनमध्ये ठेवलाय. गर्दीत ओरडून सांगण्यापेक्षा स्क्रीन दाखवणं सोपं जातं. कॉपी करून घ्या:

"नमस्कार. मला आजार आहे. गहू, मैदा, रवा, पाव अजिबात चालत नाही, हाताला किंवा भांड्याला लागलेलं थोडंसुद्धा नाही. सोया सॉस, गव्हाचं पीठ असलेला हिंग आणि येसर चालत नाही. ज्वारी, तांदूळ, साबुदाणा, भगर, डाळी, अंडी, दूध, दही चालतं. कृपया उपवासाला करता तसं धुतलेल्या भांड्यात, वेगळ्या तेलात, वेगळ्या डावानं द्या. शक्य नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, राग येणार नाही. धन्यवाद."

शेवटची ओळ महत्त्वाची. आपली माणसं गिऱ्हाइकाला नाही म्हणायला संकोचतात. नाही म्हणायची मोकळीक दिली की खरं उत्तर मिळतं.

आणि चार प्रश्न तोंडपाठ ठेवा. पीठ कोणतं? कढईत आधी काय तळलं? तव्यावर काय भाजता? हिंग, सॉस, येसर काही आहे का? चारपैकी एकाचंही उत्तर "माहीत नाही" आलं तर खायचं नाही. भूक दोन तास काढता येते, आजारपण दोन दिवस काढावं लागतं.

चुकून गेलंच पोटात तर?

उतारा नाही. त्या क्षणी खाणं थांबवा, पाणी प्या, जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस घ्या आणि विश्रांती घ्या. दोन दिवसांत बरं वाटलं नाही, रक्त पडलं किंवा चक्कर येत राहिली तर डॉक्टर. आणि काहीच त्रास झाला नाही म्हणून "मला चालतं की!" असा निष्कर्ष काढू नका. त्रास न जाणवताही आतलं आतडं बिघडत असतं.

मित्रमंडळींसाठीही दोन शब्द. आग्रह करू नका. "एक घास खा की, लई नाटकं करती" हे वाक्य धाकटीनं इतक्यांदा ऐकलंय, की मध्ये काही महिने तिनं मैत्रिणींबरोबर बाहेर जाणंच बंद केलं होतं. आजार तिला तेवढा छळत नव्हता, जेवढा हा आग्रह छळायचा. त्यापेक्षा ठिकाण निवडताना तिला आधी विचारा.

मागच्या नवरात्रात पुन्हा तुळजापूरला गेलो. एका फराळाच्या गाड्यावर धाकटीनं फोन पुढं केला. मावशींनी चष्मा लावून सगळं वाचलं, म्हणाल्या, "असं व्हय? थांब बाई." खिचडीची कढई घासून घेतली, नवा झारा काढला, आणि आधी धाकटीची प्लेट केली, मग रांगेतल्या बाकीच्यांची. धाकटीनं दोन प्लेटा खाल्ल्या. रात्री काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली.

तुमच्या गावात असा एखादा गाडा, धाबा, खानावळ असेल, जिथं विचारल्यावर नीट उत्तर मिळतं आणि भांडं वेगळं घेतात, तर व्हॉईस नोट पाठवा. पुढच्या एखाद्या भागात तालुक्यानुसार सगळ्यांना सांगू. तोवर विचारून खा, आणि भेटू पुढच्या भागात.